नानांची मागची सीट

आमच्या सासरच्या गावात सकाळी कुणी पळताना दिसलं की लोक एकच प्रश्न विचारतात, "कोण गेलं?" गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्याच पहाटे मला तो तिघांनी विचारला. कुणी गेलेलं नाही, मी मॅरेथॉनची तयारी करतेय, असं सांगितल्यावर तिघांचेही चेहरे पडले. कुणी गेलं असतं तर निदान कारण तरी कळलं असतं.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. पुण्यात नोकरी करते, आणि ऑफिसचा दुसरा मजला चढताना धाप लागली म्हणून त्या दिवाळीच्या वर्षभर आधी पळायला लागले. आधी दोन इमारतींमधलं अंतर, मग पाच किलोमीटर, मग दहा. शेवटी भलत्याच धाडसानं डिसेंबरातल्या बेचाळीस किलोमीटरसाठी नाव घातलं. सोळा आठवड्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता, आणि त्यात दिवाळीचा आठवडा सगळ्यात जड निघाला. त्या रविवारी सव्वीस किलोमीटर पळायचे होते. तोवर मी बावीसच्या पुढे गेलेच नव्हते. सव्वीस चुकले तर बेचाळीसला उभं राहायची माझी छाती झाली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बॅगेत फराळाच्या डब्यांखाली बूट दडवून आणले. नवऱ्याचा मला पूर्ण पाठिंबा होता. तो त्यानं गादीवरून, डोळे मिटूनच दिला.

गावात पळायला अडचण रस्त्याची नाही, माणुसकीची आहे. आपण गाडीवर असताना ओळखीचं माणूस पायी सोडून पुढं जाणं हे आमच्याकडे पाप समजतात. पहिल्या दिवशी आठ किलोमीटरमध्ये माझ्यासाठी चार मोटारसायकली, एक टमटम आणि सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर थांबला. प्रत्येकाला हात जोडून नको म्हणायचं, पुन्हा पाय उचलायचे. सहाव्याला नको म्हणताना माझा आवाज जरा चढलाच.

सातवे आले ते नाना, माझे चुलत सासरे. उभा जन्म एसटीची गाडी चालवून निवृत्त झालेले. हात दाखवलेला एकही माणूस रस्त्यावर सोडला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

"बस," त्यांनी मागच्या सीटवर थाप मारली.

"नको नाना, मला पळायचंय."

"मग बस की. पळायचंय तिथं सोडतो."

मी हसले आणि पुढं निघाले. तेच नडलं.

संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. सासूबाईंनी चहा आणला, तर त्यांनी कपाला हातही लावला नाही. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे नोटीसच असते. "तुमच्या सुनंला आमची गाडी चालत न्हाय," एवढंच बोलून ते उठले. कपातल्या चहावर साय धरली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या रागावल्या की भांडी घासायला घेतात, घासलेलीसुद्धा.

"लोक इचारायलेत," त्या परातीला म्हणाल्या, "घरात दोन गाड्या असून सून अनवाणी हिंडती का म्हून."

"अनवाणी कुठं आत्या? चांगले महागाचे बूट आहेत."

"उद्यापास्नं न्हाय जायचं. सणाचं चार दिवस गप बस. पुण्याला जाऊन काय पळायचं ते पळ."

लग्नाला अठरा वर्षं झाली. या घरात मी पदर सावरला, उपास केले, तीस माणसांच्या पोळ्या लाटल्या, आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. "सगळं करीन," मी म्हणाले, "करंज्या तळीन, अंगण सारवीन. पण रविवारी मी जाणार." आत्यांनी परात आपटली. तेरखेड्याच्या कारखान्यातून आणलेले फटाके अजून पोत्यातच होते, आणि आमच्या घरी दिवाळी सुरू झाली.

रविवारी साडेपाचला मी दाराची कडी काढली. शेजारच्या तेर गावाच्या पहिल्या घरांपर्यंत साडेबारा किलोमीटर, तेवढेच माघारी, म्हणजे पंचवीस. उरलेला एक गावात येऊन पुरा करायचा, असा बेत होता. वेशीवर पोचते तर नाना मोटारसायकलवर बसलेले. मफलर, टोपी, तोंडात तंबाखू.

"चल," ते म्हणाले. "न्हाय न्हाय म्हणतीस ना, बघू कुठवर. थकलीस की बस."

म्हणजे ते पाठराखण करायला नव्हते, मला हरवायला आले होते. माझ्या अंगात जोर आला तो त्यामुळेच. ते पहिल्या गिअरमध्ये बाजूनं यायचे, कंटाळले की पुढं जाऊन पुलाच्या कठड्यावर टेकायचे, मी पोचले की पुन्हा किक मारायचे. दर वेळी एकच शब्द, "बस." दर वेळी माझाही एकच, "नाही." ज्वारीला कोंब फुटलेल्या रानांतून लोक हे बघत होते. बघू देत, म्हटलं.

तेरला वळले तोवर सगळं ठीक होतं. विसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. मी रस्त्याच्या कडेला वाकले, डोळ्यांत पाणी आलं. नानांनी गाडी अगदी जवळ आणून उभी केली. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "बस पोरी. कुणाला सांगत न्हाय म्या."

ती सीट मला त्या क्षणी गादीसारखी दिसली, खोटं कशाला सांगू? पण कुणाला कळलं नसतं तरी मला कळलं असतं. मी पोटरी चोळली, दहा पावलं लंगडत चालले आणि पुन्हा पळू लागले. नाना काहीतरी पुटपुटले, ते बरं नसणार.

गाव अर्ध्या किलोमीटरवर आलं आणि मागचा फटफट आवाज थांबला. वळून पाहिलं तर नाना टाकीचं झाकण उघडून आत डोकावत होते. तीन तास पहिल्या गिअरमध्ये गाडी हाकलेली. पेट्रोल संपलं होतं. आयुष्यभर ज्यांची गाडी वाटेत कधी बंद पडली नाही, ते नाना.

"जा तू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी गेले. वेशीवरच्या किराणा दुकानात बाटलीत पेट्रोल मिळतं. दुकानाशी पोचले तेव्हा घड्याळात पंचवीस पुरे झाले होते आणि एक उरला होता. मी बाटली घेतली, छातीशी धरली आणि आल्या वाटेनं पळत सुटले.

लांबून दिसलं, नानांजवळ ट्रॅक्टर थांबला होता. ड्रायव्हर चला चला म्हणत होता आणि नाना मान हलवत होते. मी पोचले तोवर ट्रॅक्टर निघूनही गेला.

"बसला का नाहीत?" मी धापा टाकत विचारलं.

"तू बसली न्हाईस," नाना म्हणाले, "म्या कसा बसू?"

त्यांनी बाटली टाकीत ओतली, दोन किका मारल्या, गाडी चालू झाली. मग सवयीनं हात मागच्या सीटवर गेला.

"अजून अर्धा राहिलाय नाना."

त्यांनी हात मागं घेतला आणि पहिला गिअर टाकला.

घरी आत्या ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, नानांच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि आत गेल्या. चहा आला. नानांनी तो बशीत ओतून, फुर्र करून सगळा प्यायला.

"आता पुन्ना कवा?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी. दहा किलोमीटर."

"बरं," ते म्हणाले. "टाकी भरून येतो."