पाणी लागलं

प्रवरेच्या कालव्याकाठी, नेवाशाच्या अलीकडे, माझं पेंडीचं आणि खताचं दुकान होतं. गिऱ्हाईक पोतं घ्यायला यायचं आणि त्याच पोत्यावर बसून राहायचं. माल संध्याकाळपर्यंत उठायचा, बोलणं मात्र दुकानातच साठायचं. गोदामात शिल्लक काय, असं कुणी विचारलं तर मी सांगायचो, "तात्यांच्या गोष्टी. उचल फार, पण संपत नाहीत."

तात्या म्हणजे गावातले बडे बागायतदार. कालव्याला चिकटून त्यांचं काळं रान, आणि रानाच्या उताराला गावाची पिण्याची विहीर. एवढं ध्यानात ठेवा, बाकी मी सांगतोच.

*

लढाईचे दिवस होते, गुळाला तेजी होती. तात्यांनी सगळ्या रानात ऊस लावला. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यातून पाळीनं यायचं, पण तात्यांची पाळी काही संपायची नाही. उसाच्या सरीतून बेडूक पोहत जायचे.

मी म्हटलं, "तात्या, ऊस लावलाय का भात?"

"शेठ, सरकार पानीपट्टी एकरावर घेतं, पान्यावर न्हाई. मंग हात कशापायी आखडायचा?"

असा माणूस व्यापारात उतरला असता तर माझं दुकान बुडवलं असतं. मग स्वतःचंही.

*

एका सकाळी तात्या उपरण्यात काहीतरी बांधून आले. गाठ सोडली, तर आत पांढरी भुकटी.

"हे तुमचं सल्फेट खत. जमिनीत जिरंना, सगळं वर आलंय. झाडून गोळा केलंय, परत घ्या."

मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "तात्या, हा खार आहे. तुमच्या रानाला पाणी लागलं. पाणी तुंबलं की जमिनीच्या पोटातला खार वर येतो. आता पाणी कमी करा आणि चर खणा."

तात्यांनी बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. "खत इकनारा मानूस कमी करा म्हनतोय. जमाना बदलला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं, हे सल्फेट न्हाई म्हनता, तर खरं सल्फेट द्या आनखी. रान अशक्त झालं आसंल."

दिलं. दुकान आहे, मठ नाही.

*

पुढे शेतकी खात्याचे साहेब आले. बुटासकट उसात शिरले आणि तिथंच उभ्यानं व्याख्यान सुरू केलं: चर खणा, पाणी ओढ्याला काढा, ताग पेरून गाडा.

तात्या म्हणाले, "पानी आनायला सरकारनं कालवा खनला. आता घालवायला आमी खनायचं व्हय?"

साहेब उत्तर द्यायला वळले. साहेब वळले, पण डावा बूट वळला नाही. बराच वेळ गडी चाचपत होते. शेवटी साहेब एका बुटावर टांग्यात बसले.

तात्या मागून ओरडले, "साहेब, चर खनला तर बूट धाडून देतो!"

चर काही खणला नाही.

*

त्या साली तात्यांचा गूळ नगरच्या बाजारात गेला. आडत्यानं खडा तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तात्या, हा लोणच्यात मिठाऐवजी घालायचा का?"

*

मग हुसेनभाईंच्या हॉटेलात चहा फाटायला लागला. गिऱ्हाइकं गवळ्यावर चढली. गवळी बिचारा पोराबाळांच्या शपथा घेऊ लागला.

हुसेनभाईंनी निवाडा केला. "गवळी दुधात पानी घालतो, कबूल. पन पानी कुठलं? हिरीचं. आन् हिरीत कुनाचं? तात्याच्या उसाचं. गवळी नुसता कालवतो."

तेव्हापासून लोक हॉटेलात बसले की सांगायचे, "दोन चहा. तात्या नको."

*

आता बबनच्या सोयरिकीची गोष्ट. बबन तात्यांचा एकुलता मुलगा. मुलगी पाथर्डीकडची. तिचे वडील रामभाऊ आधी चौकशीला माझ्याकडे आले. हुंडा, मानपान, कशाचं बोलणं नाही. "पोरगी टेकडी उतरून हंडा आनती शेठ. दिल्या घरी पानी पायजे, येवढंच हाय."

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "तात्यांच्या रानाला पाणी लागलंय."

कालव्याकडं हे वाक्य आम्ही सुतकी आवाजात बोलतो. पाथर्डीकडं विहीर खणताना हेच ऐकलं की गूळ वाटतात. रामभाऊंचा चेहरा उजळला. "किती खोलावर?"

हुसेनभाई चहा घेऊन आले होते. ते म्हणाले, "खोल कसलं? वाकलं की हात भिजतो."

रामभाऊंनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. डोळे पुसले. मी समजावून सांगायला तोंड उघडेपर्यंत ते तात्यांच्या घराच्या वाटेला लागलेसुद्धा.

सुपारी फोडायच्या दिवशी मी पंगतीला होतो. रामभाऊ आमटी भुरकून म्हणाले, "झ्याक झालीय. मीठ तेवढं जरा जास्ती पडलं."

तात्यांची मंडळी दाराआडून म्हणाली, "भाऊ, मीठ आजून घातलंच न्हाई."

रामभाऊंनी तांब्या उचलला, घोट घेतला, तो तसाच तोंडात धरला. मग उठले आणि उष्ट्या हातानं रानाकडे चालू लागले. तात्या मागे, मी त्यांच्या मागे. पांढऱ्या पडलेल्या रानात रामभाऊ थांबले.

"आमच्यात पानी न्हाई, म्हनून पोरगी हंडा घिऊन चालती," ते म्हणाले. "तुमच्यात हाय, तरी तिला चालावंच लागंल."

बबन बांधावर उभा होता.

रामभाऊ म्हणाले, "सुपारी तशीच ऱ्हाऊ द्या. आमटीत मीठ घालावं लागंल त्या दिशी सांगावा धाडा. आमी थांबतो."

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. मी सल्फेटच्या पोत्याला हात घातला.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "कुदळी कुठं चांगल्या मिळत्यात?"

चर खणताना साहेबांचा बूट सापडला. तो तात्यांनी धुऊन, तेल लावून धाडून दिला. ऊस निम्म्यावर आला, उरल्या रानात ताग डुलू लागला. काही पावसाळे खार धुऊन गेले. बबनची मिशी दाट झाली.

एका दुपारी तात्या आले आणि पोत्यावर न बसता उभेच राहिले.

"शेठ, मीठ हाय का?"

"तात्या, हे पेंडीचं दुकान."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "किरान्याकडंच निघालोय. जाता जाता म्हनलं, तुमाला इचारून जावं."