फडक्याखालचा फोन

रविवारी जेवताना मुलानं, वेंडेलनं, आपली खुर्ची टीव्हीकडे पाठ करून मांडली, ते लॉरीन प्रुइटच्या मनातून काही केल्या जाईना. सात वर्षांचा असल्यापासून हा मुलगा फुटबॉलचा सामना लागला की घास तोंडात नेतानासुद्धा मान वळवत नसे. आणि आता एकेचाळिसाव्या वर्षी तो मक्याचा पाव मोडत, मागच्या आरडाओरड्याकडे लक्ष न देता बायकोकडे मीठ मागत होता. चिडला असता, ताट सरकवून उठला असता, तर तिला ते कळलं असतं. त्यानं शांतपणे मीठ मागितलं, ते तिला कळेना.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. वेंडेल चौदा वर्षं टॅल्बर्ट कॉलेजात फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक होता. मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले, तेव्हा ती जागा वेंडेलचीच, असं अलाबामातल्या त्या एवढ्याशा गावात न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे म्हणत होते. कॉलेजनं आणलं क्लिंट हॅम्ब्रिकला. क्लिंटनं आयुष्यात कुणाला एक दिवस शिकवलं नव्हतं. पण तो नऊ वर्षं व्यावसायिक संघात क्वार्टरबॅक होता, नंतर सूट घालून टीव्हीवर सामन्यांबद्दल बोलत होता, आणि त्याच्या नावावर मैदान भरणार होतं. गावाच्या वेशीवर तर त्याच्या नावाची पाटीच होती. लॉरीन गाडी घेऊन तिथून निघाली की पाटी मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची शेतं बघायची. चोवीस वर्षं ती शेतं बघत आली होती.

दुखणं तेवढंच जुनं होतं. हायस्कूलच्या संघात क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो तो, आधी वेंडेल होता. मग हॅम्ब्रिक मंडळी गावात राहायला आली, आणि क्लिंटनं पहिल्याच दिवशी चेंडू असा फेकला की झेलणाऱ्याची बोटं सुजली. पंधरा दिवसांत वेंडेल रेषेबाहेर, हातात डावांचा कागद. पण समोरच्यांची मांडणी त्याला जशी वाचता यायची तशी कुणालाच येत नव्हती, म्हणून पुढचा डाव प्रशिक्षक त्यालाच विचारत, आणि तो क्लिंटला खुणा करून सांगे. शेजारी दोन मुलं समोरच्यांना चकवायला खोटे हातवारे करत उभी असत. वेंडेलच्या खुणा पलीकडच्यांना कधीच उलगडल्या नाहीत, कारण त्या त्यानं आईच्या स्वयंपाकघरातून उचलल्या होत्या. ग्रेव्ही ढवळली की डावीकडून धाव. मिठाची चिमूट टाकली की जवळची फेक. एप्रनला हात पुसले की चेंडू लांब, जितका जाईल तितका.

राज्याच्या अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट उरलं असताना वेंडेलनं आपल्या पोटावर दोन्ही हात पुसले. वर बाकावर बसलेल्या लॉरीननं ते पाहिलं आणि ती उभीच राहिली. चेंडू पन्नास यार्ड गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान क्लिंटचा फोटो.

"माझ्या एप्रनवर नाव कमावलंय त्यानं," ती नवऱ्याला म्हणायची.

होइट म्हणायचा, "मग पाटीवर एप्रन टांगायला सांगू का?"

क्लिंट व्यावसायिक संघात गेल्यावर तिनं त्याचा एकही सामना पाहिला नाही. त्या संघाचा सामना लागला की ती टीव्ही बंद करून ओटा घासायला घ्यायची. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काम केलेली शहाणी बाई, पण तिथं रोज येणारा तो पेपर क्रीडापानावर उघडायला तिचा हात होत नसे. आणि आता तो गावातच आला होता. नेमणूक जाहीर झाल्यावर चर्चमध्ये त्याची आई जोनेल पियानोवरून उठून मुद्दाम तिच्याकडे आली. तुझ्या वेंडेलसाठी मी रोज प्रार्थना करते गं, म्हणाली.

"तो आजारी नाहीये, जोनेल," लॉरीन म्हणाली.

नवा मुख्य प्रशिक्षक आला की जुन्या सगळ्या सहायकांनी किल्ल्या आणि कॉलेजचा फोन परत करायचा, ही तिथली रीत. ज्याला ठेवायचं त्याला नवा माणूस स्वतः फोन करतो. आपण होऊन विचारायचं नसतं, विचारणाऱ्याची पत जाते. वेंडेलनं किल्ल्या दिल्या, फोन दिला आणि घरी वाट पाहत बसला.

फोन सोमवारी आला, पण लॉरीनच्या घरी. तिच्या हाताला पीठ लागलं होतं म्हणून तिनं उचलला नाही. फोनला जोडलेलं निरोप टिपून ठेवायचं यंत्र सुरू झालं आणि ती तशीच हात वर धरून ऐकत राहिली.

"मिस लॉरीन, मी क्लिंट. वेंडेलचा नवा नंबर माझ्याकडे नाही, आणि चारजणांना विचारला तर गावभर होईल. तुमच्या घरचा शाळेपासून पाठ आहे. मला तो हवाय. कोणता डाव कधी खेळायचा हे सगळं त्यानंच ठरवायचं. खरं सांगू का, नऊ वर्षांत मी अकरा सामने खेळलो. बाकी सगळे रेषेबाहेर उभा राहून बघितले, हातात कागद घेऊन. तेव्हा मला तो आठवायचा. हा हे न चिडता कसं करायचा, तेच कळायचं नाही. गुरुवारी दुपारी बाराला मला नावं द्यायचीत. तुमच्याकडून काही आलं नाही तर माझ्या हाताखाली यायचं त्याच्या मनात नाही असं समजेन. राग नाही धरणार."

अकरा सामने. तिच्या डोक्यात नऊ वर्षं हा मुलगा भरल्या मैदानांत मिरवत होता.

तरी तिनं हात धुतले, आणि यंत्राचा तो लाल लुकलुकणारा दिवा दिसेना म्हणून वर भांडी पुसायचं फडकं टाकलं. आपला मुलगा पुन्हा कडेला उभा राहून खुणा करणार, आणि फोटो पुन्हा क्लिंटचा येणार, एवढंच तिला दिसत होतं. उद्या सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. मंगळवारी होइटनं फोनवर फडकं कशाला म्हणून विचारलं.

"धूळ बसते."

"पंधरा वर्षांत कालच बसायला लागली?"

बुधवारी वेंडेल रिकामी खोकी न्यायला आला. ओक्लाहोमात मेहुण्याचं कुंपणं घालायचं काम होतं, तिकडे शनिवारी निघायचं ठरलं होतं. मुलींचे शाळेचे दाखलेही काढून झाले होते. स्वयंपाकघराच्या दारात छातीपर्यंत खोकी धरून तो उभा राहिला.

"त्यानं मला ठेवायलाच हवं होतं असं नाही गं, आई," तो म्हणाला. "तो मोठा माणूस आहे, त्याची माणसं असतील. पण नको आहेस एवढं सांगायला तरी एक फोन करायचा ना. इतके डाव सांगितले मी त्याला."

फडकं त्याच्या कोपरापासून हातभरावर होतं. लॉरीननं कॉफी घेतोस का विचारलं. तो नको म्हणाला, खोकी गाडीत टाकली आणि गेला. चोवीस वर्षं ती म्हणत आली होती की त्या पोरानं माझ्या लेकाच्या तोंडचा घास काढला. या खेपेला तो घास तिनंच फडक्याखाली दडवला होता.

गुरुवारी सकाळी दहाला तिनं फडकं उचललं. क्लिंटला फोन केला असता तर दोन शब्दांत काम झालं असतं. हो, येतो तो, एवढंच सांगायचं. क्लिंटनं मग वेंडेलला कळवलं असतं, आणि हे तीन दिवस कुणाच्या ध्यानातही आले नसते. तिनं रिसीव्हर उचलला आणि तसाच परत ठेवला. तसं केलं असतं तर पुढची चोवीस वर्षं वेंडेल समजत राहिला असता की क्लिंटला आपली आठवण अगदी शेवटच्या तासाला झाली.

तो कदाचित शनिवारी तिला न भेटताच निघून जाईल. जाऊ दे, पण आईनं निरोप दडवला हे कळल्यावर त्यानं ठरवावं. लॉरीननं चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलेला मुलाचा नवा नंबर वाचला आणि पुन्हा रिसीव्हर उचलला.