नावाचं तोरण

सांगू का नको, असं झालंय बघा. ऐकून तुम्ही हसाल, हसावंच! मला मात्र अजून हसू येत नाही.

मी बीडच्या एका कॉलेजात सी प्रोग्रामिंग शिकवतो. सोळा वर्षं झाली. सोळा वर्षांत माणसाला काय येतं? माज येतो! प्रॅक्टिकलला मी मुलांना कॉम्प्युटरवर जी कोरी फाईल द्यायचो, तिच्यात सगळ्यात वर माझं नाव; मुलांनी प्रोग्राम त्याच्या खाली लिहायचा. नावाच्या वर-खाली तिरक्या रेघांचं तोरण. एक सुलटी, एक उलटी, एक सुलटी, एक उलटी. लई देखणं! ओळीच्या सुरुवातीला दोन सुलट्या रेघा दिल्या, की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही; ती शोभा फक्त माणसांसाठी.

परीक्षेच्या दिवशी सविताचा प्रोग्राम अडला. पाली गावची पोर, वडील शेरडं राखतात. बोलणं कमी, काम चोख. तिनं मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे, वरती एकदा सांगून ठेवायचं की 'मॅक्स' म्हणजे शंभर. मग खाली जिथं मॅक्स येईल तिथं शंभर धरलं जातं. तिनं ते वर स्वच्छ लिहिलेलं, आणि कॉम्प्युटर म्हणतो, मॅक्स कोण? मी ओळखत नाही!

शेजारी बाहेरगावचे परीक्षक उभे. मी ऐटीत बसलो, ती ओळ पुसून स्वतः लिहिली. चालेना. पुन्हा लिहिली. चालेना!

परीक्षक म्हणाले, "काय झालं हो सर?"

आता तुम्हीच सांगा, 'मला कळत नाही' एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण जीभ वळली नाही. वळली ती भलतीकडेच.

"कुठून उचललास गं हा प्रोग्राम?" मी म्हणालो.

"न्हाई सर, म्या सोता लिव्हलंय."

"मग चालत कावून नाही?"

ती पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, "सर, तुमचं नाव हाय ना, त्याच्या खाली..."

"माझ्या नावाला कशाला हात लावतीस? कॉपी केली ती केली, वर तोंड?"

सगळा वर्ग बघत होता. परीक्षकांनी कॉपीचा शेरा मारला. सविता दप्तर उचलून गेली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस मला काही गोड लागेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिची फाईल उघडली आणि एकेक ओळ काढून बघू लागलो. काही फरक नाही. शेवटी माझं नाव काढलं, तोरणासकट... आणि प्रोग्राम पळाला!

अहो, ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आली, की सी भाषा पुढची ओळ मागच्या ओळीलाच जोडते. हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो! माझं तोरण उलट्या रेघेवर संपत होतं, म्हणून खालची ओळही शोभेत जमा, कॉम्प्युटर ती वाचेचना. बाकीच्यांच्या फाईलीत तिथं मी सोडलेली रिकामी ओळ होती, ती गेली तर कुणाला कळतंय? सविताला पसारा खपत नाही. तिनं रिकामी जागा काढून मॅक्रो तिथंच लिहिला. आणि पोरीला ते कळलंही होतं. मीच बोलू दिलं नाही.

तसाच प्राचार्यांकडं गेलो, चूक माझी म्हणून लिहून दिलं. ते परीक्षकांशी फोनवर बोलले. शेरा निघाला, सविताची परीक्षा पुन्हा घ्यायची ठरलं. मग गाडी काढली आणि थेट पाली.

दारातच तिचे वडील भेटले. सविता आत होती. तीन दिवस कॉलेजला आलीच नव्हती.

मी हात जोडले. "मामा, तुमच्या पोरीनं काही चोरलं नाही. माझ्याच फाईलीत चूक होती. तिनं ती ओळखली होती, मीच तिला गप्प केलं."

त्यांनी मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय सर? पण पोरगी म्हनली, मला ते कंपुटर येतच न्हाई, आता कालेजात जात न्हाई. तुमी एवढ्या लांब आलात, तिला सांगा."

सविता दाराशी आली. मी तिची माफी मागितली. तिनं खाली बघतच मान हलवली.

वडील म्हणाले, "धाडतो सर, उद्याच धाडतो. फकस्त एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा ना!"

"तितं कंपुटरला दुसरे कुनी सर हायत का?"