नॉर्मलचं रक्त

लॅबमध्ये किस्से आपोआप साठत जातात, फ्रीजमधल्या जुन्या बाटल्यांसारखे. फेकायचं कुणाला सुचत नाही. नगरच्या आमच्या लॅबमधल्या किश्श्यांत मात्र हसण्याआधी भीती येते.

कामच तसं आहे. काही माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्यांच्याच शरीरावर उलटतात. त्या शोधायला पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पेशींच्या स्लाइडवर टाकायचं. अँटिबॉडी असल्या तर चिकटतात, पण दिसत नाहीत. म्हणून त्यांना पकडणारी, चमकता रंग लावलेली दुसरी अँटिबॉडी वर टाकायची. आम्ही तिला नुसतं 'सेकंडरी' म्हणतो. मायक्रोस्कोपखाली हिरवं चमकलं की समजायचं, आजार आहे.

*

हा रंग उजेडानं फिका पडतो, म्हणून आमचे प्रमुख देशमुख सर विंचवाला घाबरावं तसे उजेडाला घाबरतात. डार्करूममध्ये मोबाईल बंद, दाराला जाड पडदा. एकदा आत भक्कन उजेड पडला. सर ओरडले, "कोण आहे तो मूर्ख?"

त्यांच्याच मनगटावरच्या घड्याळात बायकोचा मेसेज आला होता!

*

एकदा सरांच्या हातून सशाच्या अँटिबॉडीला पकडणारी सेकंडरी माणसांच्या स्लाइडवर पडली. ती माणसाच्या अँटिबॉडीला ओळखतच नाही, त्यामुळे सगळ्या स्लाइड काळ्या. मी खूश, एकही पेशंट आजारी नाही! आमच्या टेक्निशियन सुनीताताई कोपरगावकडच्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"सगळेच बरे कसे निगतील? मला लई भ्या वाटतंय."

त्यांनी खात्रीसाठी ठेवलेली, नक्की आजारी असलेल्या माणसाची स्लाइड पाहिली. तीही काळीच, म्हणजे तपासणीच चुकली होती. रिपोर्ट जायच्या बेतात होते.

*

रोज तुलनेसाठी एका निरोगी माणसाची स्लाइडही लावतात. ती 'नॉर्मल'. आमच्याकडे त्यासाठी कायम सुनीताताईंचं रक्त. सर म्हणायचे, "ताई, तुमचं रक्त म्हणजे अमावस्या!"

गेल्या महिन्यात नॉर्मल चमकली.

"सेकंडरी खराब झाली आसंल," ताई म्हणाल्या. नवी बाटली उघडली. नुसती सेकंडरी टाकलेली स्लाइड काळीकुट्ट, म्हणजे सेकंडरी ठीक. ताईंची पुन्हा हिरवी.

"निरोगी माणसातही कधीकधी दिसतं," सर म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले.

ताई मायक्रोस्कोपमध्ये बराच वेळ बघत राहिल्या. मग हातमोजे काढत म्हणाल्या, "व्हय सर. पन उद्या नॉर्मलला कुनाचं रक्त घ्यायचं?"

सरांनी माझ्या दंडाकडं पाहिलं. मी सरांच्या.