पुढचे सतरा प्रश्न

लोक दान किती करतात, समाजासाठी फुकट वेळ किती देतात, याची पाहणी करणाऱ्या संस्थेत तो बावीस वर्षं होता. ठरलेली घरं, दरवर्षी तेच प्रश्न. खाडाखोड नको म्हणून तो आधी पेन्सिलनं लिही. ऑफिसातली पोरं त्याला पेन्सिलकाका म्हणत.

त्याच्या यादीत तिसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी होत्या. एकट्या राहत. दर गुरुवारी अंधशाळेत पुस्तक वाचून दाखवायला जाते, असं त्या सांगत. पाच वर्षं हेच उत्तर. कोणतं पोर मध्येच झोपतं, कोण गोष्टीचा शेवट आधीच विचारतं, सगळं रंगवून सांगत. तो ऐकत राही. एका बैठकीत इतका वेळ त्याच्याशी दुसरं कुणी बोलत नसे.

यंदा संस्थांचीही पाहणी निघाली. त्याच शाळेत त्यानं कारकुनाला विचारलं, "गुरुवारी वाचायला कोण कोण येतं?"

"वाचायला? ते बंद होऊन सहा वर्षं झाली, साहेब. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या एकमेकींना वाचून दाखवतात."

ऑफिसात येऊन त्यानं मावशींचे जुने फॉर्म काढले. पहिल्या वर्षी सगळीकडे 'नाही'. लागलेला वेळ चार मिनिटं. दुसऱ्या वर्षी 'हो'. पन्नास मिनिटं. फॉर्मच तसा होता. सेवेच्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं की थेट सही. 'हो' म्हटलं की पुढचे सतरा प्रश्न.

मावशी हे एका वर्षात शिकल्या होत्या.

खोटी उत्तरं देणारं घर यादीतून काढायचं, असा नियम होता. तो गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण बावीस वर्षांत त्यानं एकही खूण खोटी केली नव्हती. आणि हे घर गेलं की त्याला तो जिना चढायला कारण उरणार नव्हतं.

"या, या. यंदा उशीर केलात," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी शाळेत जाऊन आलो."

त्या खुर्चीवर टेकल्या.

"तुम्ही पहिल्यांदा विचारून गेलात ना, तेव्हा लाज वाटली हो. दुसऱ्याच दिवशी नाव द्यायला गेले होते. म्हणाले, बंद झालं." मग म्हणाल्या, "आता माझं काय करता?"

"काढावं लागेल."

"काढा. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नको."

त्यानं 'नाही' लिहिलं. मावशींनी सही केली. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पुढच्या महिन्यात एका रविवारी तो पुन्हा जिना चढला. मावशींनी त्याचे रिकामे हात पाहिले.

"काही राहिलं का?"

"नाही. सहज आलो."

दोघं बसले. पंखा फिरत होता.

"विचारा की काहीतरी," मावशी म्हणाल्या.

त्याला फॉर्मचा पहिला प्रश्नच आठवला. "घरात माणसं किती?"

"एक. तुमच्याकडे?"

बावीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"एक."

"मग स्वयंपाक कोण करतं?"

"मीच," तो म्हणाला. "रोज नाही."