कमलबाईने भोंगा वाजवला तो दिवस

धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या तेल कारखान्यात कमलबाई बैसाणे कुणालाच आवडत नव्हती. तिचं कामच तसं होतं. सॉल्व्हंट विभागाच्या आतल्या गेटवर बसायचं, आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे बघायचे, मोबाइल, काडेपेटी, बिडी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं काढून घ्यायचं आणि खणात ठेवायचं. गोड बोलून केलं असतं तर लोकांनी चालवून घेतलं असतं. पण कमलबाईला गोड बोलता येत नसे. एकदा बाजूच्या गावात लग्न आटोपून चार झाडूवाल्या नायलॉनच्या साड्यांवरच कामाला आल्या. तिने चौघींना परत पाठवलं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, त्याचा राग त्यांनी वर्षभर धरला.

या आधी नऊ वर्षं तिने त्याच विभागात झाडू मारला होता. सरकी घाण्यात पिळून निघालेल्या ढेपेत थोडं तेल शिल्लक राहतं. ते ओढून घ्यायला तिथे हेक्झेन वापरत. पाण्यासारखं पातळ, रंग नाही, वास पेट्रोलसारखा. ढेपेतलं तेल ते स्वतःत विरघळवून घेतं, मग वाफेने तापवून त्याला तेलातून उडवायचं, गार पाण्याच्या नळ्यांवर पुन्हा थेंब करायचं आणि परत वापरायचं. ऐकायला सोपं. पण ते कडाक्याच्या थंडीतसुद्धा उडत राहतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते. वर जाऊन विरत नाही. जमिनीला चिकटून सरकते, खड्ड्यात, गटारात साचते आणि ठिणगीची वाट बघत बसते. ठिणगी काडीचीच लागते असं नाही. लोखंडावर लोखंड आपटलं, नायलॉनचं कापड अंगाला घासलं, मोटारीचा स्टार्टर मारला, एवढंही पुरतं. म्हणून आत पितळी अवजारं आणि सुती कपडे. टँकर रिकामा करण्याआधी, त्यावर साठलेली वीज उतरून जावी म्हणून, त्याला जमिनीत गाडलेल्या तारेचा चिमटा लावायचा. हे सगळं प्रशिक्षणात सगळ्यांनाच सांगितलं होतं. बाकीच्यांनी सही करून चहा घेतला. कमलबाईने ते मनाला लावून घेतलं.

शिफ्टचा प्रमुख भटू तिच्यावर सर्वांत जास्त खार खाऊन होता. पाहुणे प्लँट बघायला आले असताना तिने सगळ्यांसमोर त्याच्या खिशातून मोबाइल काढला होता. तेव्हापासून तो तिला नावाने हाक मारत नसे. ‘ती गेटवाली’ म्हणे. तिची बदली व्हावी म्हणून त्याने तिच्या ठेकेदाराकडे तीनदा तक्रार केली होती.

मे महिन्यातली दुपार होती. वारा पडलेला. गार पाणी फिरवणाऱ्या पंपाची मोटार जळली. जोडीला ठेवलेला दुसरा पंप महिनाभर दुरुस्तीत पडला होता. अशा वेळी पहिलं काम एकच, बॉयलरकडून येणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाणी नाही म्हणजे हेक्झेनचे थेंब होणार नाहीत, ते वाफ होऊन वरच्या नळीतून बाहेर पडणार. पण प्लँट एकदा थांबला की पुन्हा सुरू करायला अर्धी पाळी जाते. टाकीतल्या पाण्यावर अर्धा तास निभेल, तेवढ्यात मोटार बदलू, असा भटूने हिशेब केला आणि वाफ चालूच ठेवली. मोटार बदलून होण्याआधीच टाकी आटली.

कमलबाईला यातलं काही माहीत नव्हतं. चपलेचा बंद लावायला ती वाकली आणि तिला वास आला. सरळ उभी राहिली, वास नाही. पुन्हा वाकली, पुन्हा वास. गेटजवळच्या, ठिणगी बाहेर न पडणाऱ्या खास फोनवरून तिने भटूला कळवलं. तो म्हणाला, “तू गेट सांभाळ. प्लँट मी सांभाळतो.” आणि फोन ठेवला.

ती गटाराच्या कडेने चालत गेली. वास वाढतच होता. गटार भिंतीखालून बाहेर जात होतं, आणि भिंतीपलीकडे ढेप भरायला आलेले सहा ट्रक सावलीला उभे होते. ती धावली. पहिल्याच ट्रकच्या चाकाशी साक्रीचा नथ्थू ड्रायव्हर स्टोव्हला पंप मारत बसला होता. काडेपेटी त्याने हातात घेतली होती.

“भाऊ, काडी लाउ नको,” ती म्हणाली. “खाले वास ई ऱ्हायना. आपन बठ्ठा जळी जासूत.” सगळेच जळून जाऊ, असं ती सांगत होती.

नथ्थूने वर पाहिलं. सकाळीच ती कामावर येताना वजनकाट्याच्या रांगेवरून दोघांचं वाजलं होतं. “भिंतीना भाईर बी तुन्हंच राज शे का?” तो म्हणाला आणि त्याने काडी बाहेर काढली.

कमलबाईने झडप घालून पेटी ओढली. त्याने तिला ढकललं. ती खडीवर पडली, कोपर सोलून निघालं, पण पेटी तिने सोडली नाही. उठून तिने ती शेजारच्या पाण्याच्या पिंपात बुडवली. मग सहाही ट्रकसमोरून फिरत तिने कुणीही गाडी सुरू करू नका, पायी रस्त्यापलीकडे जा, असं सांगितलं. ड्रायव्हरांनी तिला शिव्या घातल्या. एकाने तिच्या जातीवरून बोलूनही घेतलं. तिने ते ऐकलं, आणि तरी प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवत राहिली. ते गेले. मग ती आत आली आणि हाताने फिरवायचा भोंगा दोन्ही हातांनी फिरवू लागली.

भोंगा झाला की बॉयलरवाल्याने मुख्य वाफ बंद करायची, असा नियम होता. त्याने तो पाळला. दोनशे माणसं मैदानात जमली.

मॅनेजर संतापलेला होता. भटूने शांतपणे सांगितलं की गळती वगैरे काही नाही, बाईला भास झाला. नथ्थूने तर तिनेच आपल्यावर हात उचलला असं सांगितलं. कमलबाईच्या कोपरातून रक्त ठिबकत होतं आणि तिच्या बाजूने कुणीही बोलत नव्हतं. झाडूवाल्या बायका दुसरीकडे बघत होत्या.

प्रयोगशाळेतल्या पुनम मॅडमला मॅनेजरने वायू मोजायचं यंत्र आणायला लावलं. पुनमने ते छातीशी धरलं तेव्हा आकडा जेमतेम हलला. भटू हसला. तेव्हा कमलबाई म्हणाली, “मॅडम, खाली धरा. गटाराशी.”

पुनम वाकली. यंत्र कर्कश ओरडू लागलं. वाफ बंद होऊन अर्धा तास झाला होता, तरी आकडा पेट घेण्याच्या मर्यादेच्या निम्म्यावर होता. यंत्र बिघडलं असेल, असं भटू म्हणाला. पुनमने दुसरं यंत्र मागवलं. तेही तसंच ओरडलं. मग तिने सगळ्यांसमोर भटूला विचारलं की पंप कधी बंद पडला आणि वाफ कधी बंद केली. वाफ भोंगा झाल्यावर बंद केली, असं बॉयलरवाल्याने सांगितलं.

भटूला सॉल्व्हंटमधून काढून सरकी उतरवण्याच्या कामावर टाकलं. दुसरा पंप चार दिवसांत दुरुस्त झाला. ट्रक उभे करायची जागा रस्त्यापलीकडे उघड्यावर नेली. आणि कमलबाईला काय मिळालं, तर गेट सोडून गेल्याबद्दल मेमो.

ती तो घेऊन मॅनेजरच्या टेबलापाशी उभी राहिली. सही केली नाही. “साहेब, मी गेटवरच बसून राहिले असते तर हा कागद टाइप करायला कोन उरलं असतं?” ती म्हणाली. मॅनेजरने कागद परत घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. शाबासकी दिली नाही, माफीही मागितली नाही.

भोंगा वाजवला त्या दिवशी घरी जाताना ती बस थांब्यावर बसली तेव्हा कुठे तिने कोपरावरचं वाळलेलं रक्त पुसलं. आपण मेलो असतो या विचारापेक्षा, कोपराला काय झालं असं दिवसभरात एकानेही विचारलं नाही, याचा तिला जास्त राग आला. दोन बस तिने तशाच जाऊ दिल्या.

ड्रायव्हर आता उन्हातून चालत येतात आणि येताना तिच्या नावाने बोटं मोडतात. भटू समोर आला की थुंकतो. एकदा आत निरोप द्यायला आला तेव्हा गेटच्या रांगेत तो तिला म्हणालाच, “तुझ्यामुळे माझी दहा वर्षांची इज्जत गेली.”

“व्हॉल्व्ह तुमच्या हातात होता,” कमलबाई म्हणाली आणि त्याच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.