करवतीच्या झाकणावरची कुंभारीण

खारी गावातली आमची गल्ली एवढी अरुंद, की रिक्षा आत आली की माणसाने ओट्यावर चढायचं. त्या गल्लीच्या तोंडाशी शिरीषाचं जुनं झाड होतं. मागच्या श्रावणात पहाटेच्या वाऱ्याने ते आडवं झालं, या भिंतीपासून थेट त्या भिंतीपर्यंत. आणि त्याच सकाळी ह्यांना डायलिसिसला न्यायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं. बिघडतं हो. आदल्या पाळीला थंडी वाजून आली म्हणून ह्यांना अर्ध्यातच मशीनवरून उठवलं होतं. अंगात पाणी साठलेलं. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. रात्र त्यांनी उशांना टेकून बसून काढली, आडवं झालं की जीव घुसमटायचा. काशीमीऱ्याच्या सेंटरवरच्या नर्सबाईंनी फोनवर बजावलं, "मावशी, आज चुकवू नका. पाणी छातीत चढलं तर अवघड होईल."

आमचा नेहमीचा रिक्षावाला झाडाच्या पलीकडे येऊन उभा. फांद्यांमधून त्याचं नुसतं तोंड दिसत होतं. "माजी, मैं इधर ही हूँ, कहीं नहीं जाता," म्हणाला.

आधी आम्ही ह्यांना खुर्चीत बसवून झाडावरून न्यायला गेलो. एका बाजूने माझे धाकटे दीर, दुसऱ्या बाजूने रिक्षावाला. पण फांद्या छातीपर्यंत, पानं ओली. दिरांचा पाय घसरला, खुर्ची कलली आणि ह्यांना अशी धाप लागली की ओठ निळे दिसायला लागले. परत आणून ओट्यावर बसवलं. अग्निशमनवाल्यांना फोन केलेला होता. एका घराच्या पत्र्यावर झाड पडलंय, तिथून सुटलो की येतो, म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

"वयनी, माझी करवत हाय ना," दीर म्हणाले.

करवत म्हणजे पेट्रोलवर चालणारी, साखळीची. पूर्वी ते झाडं छाटायची कामं घ्यायचे. गुडघे दुखायला लागल्यावर मशीन माळ्यावर गेली ती गेलीच. खाली उतरवली तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मधोमध मातीचा गोळा, लहान मडक्यासारखा. कुंभारणीचं घर. ती बारीक कंबरेची माशी असते ना, तोंडातून माती आणून लिंपते, ती. आमच्यात म्हणतात, कुंभारीण ज्या घरात घर बांधते तिथे पाळणा हलतो. ते घर मोडायचं नसतं.

माझी जाऊ, म्हणजे दिरांची बायको, आतून धावतच आली. तिच्या सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखाने चालूच आहेत. माळ्यावरचं ते घर जावेने कधीचं बघून ठेवलं होतं, आणि कोणाला मशीनच्या आसपास जाऊ देत नव्हती.

"झाकण उघडा, पण कडेने धरून. घराला हात न्हाय लावायचा."

"मशीन हाय का देव्हारा?" दीर पुटपुटले. पण धरलं कडेनेच.

स्कूटरमधलं ताजं पेट्रोल काढलं, त्यात ऑइल मिसळलं, भरलं. दोरी ओढली. पुष्कळ ओढल्यावर मशीन उठली, खोडाला लागली, भुसा उडाला. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात आवाज बारीक झाला आणि बंद.

दिरांनी प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. परत चालू, परत बंद. मग हवेची जाळी काढून पेट्रोलमध्ये धुतली. परत तेच. चालू होते आणि जरा रेटली की मरते. दिरांचा शर्ट घामाने पिळण्याइतका ओला. इकडे ह्यांच्या श्वासात पाणी वाजायला लागलं, हुक्क्यासारखं. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि कान मशीनकडे.

"तुझ्या मशीनला पण डायलिसिस लागतं वाटतं," हे दिरांना म्हणाले. एवढं बोलायला दोनदा थांबले.

"दादा, तू गप बस," दीर म्हणाले, आणि पेट्रोल संपलं का बघायला झाकण फिरवलं. हिस्स झालं. पेट्रोल होतं. झाकण लावून दोरी ओढली तर मशीन पहिल्या झटक्यात चालू. थोड्या वेळाने बंद. परत झाकण, परत हिस्स, परत चालू.

तो हिस्स माझ्या ओळखीचा वाटला, पण कुठला ते सुचेना. मग आठवलं, गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा. एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करून थांबतं. वारा आत जायला समोर दुसरं भोक पाडावं लागतं.

"भाऊजी, ह्या झाकणाला वारा घ्यायला भोक असतं का?"

दिरांनी माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे. "असतं. मधोमध."

मधोमध तर कुंभारणीचं घर बसलेलं. जाऊ म्हणाली, "मग सैल ठेवा ना झाकण. सैल ठेवून चालवा."

दिरांनी तेही केलं, बायकोसाठी. मशीन चालली, पण खोडाशी तिरकी केली तशी झाकणातून पेट्रोल सांडलं, तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूलाच. दिरांनी झटकन बंद केली आणि लांब सरकले. चेहरा पांढरा.

मला तिला "मोड" म्हणवेना. माझ्या नवऱ्याचा श्वास, पण घर तिचं. मी खाली मान घालून ह्यांची पाठ चोळत राहिले. पलीकडून रिक्षावाला विचारत होता, "क्या हुआ? बंद क्यों किया?"

जावेने ह्यांच्याकडे बघितलं. हे तिचे मोठे दीर, त्यांच्या तोंडाकडे ती सहसा बघत नाही. मग अंबाड्यातला आकडा काढला आणि नवऱ्याच्या हातातून झाकण घेतलं.

"सरा तुम्ही. माझं मीच करते."

आकड्याच्या टोकाने तिने माती उचकटली. आत हिरव्या अळ्या, कुंभारणीने बाळासाठी साठवलेल्या, आणि त्यांच्यात एक पांढरं, तांदळाएवढं. तिने ते सगळं मातीसकट अळूच्या पानावर काढलं. आकडा भोकात घालून फुंकर मारली आणि झाकण दिलं.

"लावा."

मशीन सुरू झाली. सगळे ती कधी थांबते ते ऐकत होतो. ती थांबली नाही. फांद्या पडल्या, खोड दोन जागी तुटलं, रिक्षावाल्याने मधला ओंडका पायाने लोटला आणि रिक्षा मागे घेत घेत ओट्याला लावली.

चढताना ह्यांनी जावेकडे वळून हात जोडले. तिने पदर डोक्यावर ओढला. "आधी निघा," म्हणाली.

सेंटरवर नर्सबाईंनी ऑक्सिजन लावला, मग मशीन लावली. ओठांचा रंग परत आला तेव्हा कुठे मी खाली बसले.

संध्याकाळी घरी आलो तर करवत गोणपाटात करकचून बांधून ठेवलेली. आणि जावेच्या खिडकीत एक बशी, तिच्यात ओली माती.

"हे काय ग?"

"कुंभारणीला माती आणायला लांब न्हाय जायला लागणार," ती म्हणाली.

ती माती वाळू नये म्हणून हल्ली सकाळी मीही तिच्यावर चूळभर पाणी शिंपडते.